अरुंद मुद्राक्षरे, देवनागरी

अक्षरांची उंची कायम ठेवून त्यांची रुंदी नेहमीच्या मानाने कमी राखलेल्या मुद्राक्षरांना अरुंद मुद्राक्षरे असे म्हणतात. थोड्या जागेत मोठ्या आकाराचा मजकूर बसविणे हा त्यांचा मुख्य उद्देश होय. वृत्तपत्रांतील मथळे, जाहिराती, भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या, वाहनांवरील फलक, वेळापत्रके, कोष्टके व नकाशे यांसाठी त्यांचा उपयोग होतो. संगणकाच्या प्रसारानंतर मुद्राक्षराचा धातूचा खिळा मागे पडला. एका वळणाच्या सर्व अक्षरांचा संगणकीय संच असे त्याचे रूप झाले. या संचास टंक म्हणतात. जे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात, ज्यांत बदल करता येतो आणि ज्यांच्या प्रती इतरांना देता येतात, त्यांना मुक्तस्रोत टंक अशी संज्ञा आहे. २०१४ नंतर देवनागरीसाठी असे अनेक अरुंद टंक उपलब्ध झाले. प्रस्तुत नोंदीत देवनागरी अक्षरे अरुंद करण्यातील तत्त्वे, तीमधील अडचणी आणि या टंकांचे मराठी मुद्रणातील स्थान यांचे विवेचन केले असून उदाहरणादाखल मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील स्थलनामे घेतली आहेत.

रोमन लिपीतील उगम : रोमन अक्षरांच्या रेषांच्या टोकांशी असणाऱ्या आडव्या पुच्छांना सेरिफ म्हणतात. अशी पुच्छे नसलेले पहिले ज्ञात मुद्राक्षर इंग्लंडमध्ये चौथा विल्यम कॅझलॉन याने १८१६ मध्ये ओतले. ‘सॅन्स सेरिफ’ हे नाव १८३२ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्स याच्या नमुनापुस्तकात आढळते. त्या काळात कारखानदारीबरोबर जाहिरातीही वाढल्या होत्या. भिंतीवरील कागदाची रुंदी ठरलेली असे आणि दुरून वाचता येईल असा मोठा मजकूर तीत बसवावा लागे. या गरजेतून उंच, जाड व अरुंद अक्षरांचे अनेक प्रकार निघाले. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन याने १९०३ मध्ये आखलेले ‘ऑल्टरनेट गॉथिक’ हे या वर्गातील प्रसिद्ध वळण आहे. त्याच्याच आधारे २००९ मध्ये ‘लीग गॉथिक’ हा मुक्तस्रोत टंक तयार करण्यात आला.

देवनागरी अक्षरांना रोमन पद्धतीची पुच्छे नसतात. त्यामुळे ‘सेरिफरहित’ हे विशेषण देवनागरीला शब्दशः लागू पडत नाही. बोरूने लिहिलेल्या अक्षरांत रेषेची जाडी कमीजास्त होत जाते. ही चढउतार काढून टाकून सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीच्या रेषा वापरलेली देवनागरी ही सेरिफरहित रोमन अक्षरांची जोडीदार मानली जाते. अशा वळणाला समरेख म्हणता येईल. आजचे अरुंद देवनागरी टंक बहुधा याच प्रकारचे आहेत.

मराठी मुद्रणातील पूर्वेतिहास : नाना फडणीस यांच्या प्रोत्साहनाने पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याचे काम हाती घेतले होते. १८०० मध्ये नानांचा मृत्यू झाल्यावर हा कारागीर मिरजेस गेला. तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये कोरीव पत्र्यांवरून भगवद्‌गीता छापण्यात आली. मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. या दोन पद्धतींतील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. संपूर्ण पृष्ठ कोरणारा कारागीर ओळीत जागा अपुरी पडल्यास अक्षर थोडे आवळून घेऊ शकतो, मात्र त्याचे अक्षर दुसऱ्या पृष्ठास उपयोगी पडत नाही. खिळ्याचे अक्षर पुनःपुन्हा वापरता येते, परंतु त्याची रुंदी एकदा ओतली की बदलत नाही.

देवनागरीच्या खिळ्यांत मूळ अक्षरांखेरीज अर्धाक्षरे, जोडाक्षरे व स्वरचिन्हे धरून शेकडो नग लागत. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) सुबक खिळ्यांची परंपरा निर्माण केली. तथापि एका वळणाचे एकच अरुंद रूप करावयाचे, तरी त्या सर्व नगांचे ठसे नव्याने कोरावे लागत. हा खर्च मोठा होता. यामुळे रोमन मुद्राक्षरांत रुंदीचे जितके प्रकार झाले, तितके देवनागरीत धातूच्या काळात होऊ शकले नाहीत.

ही उणीव हाताने काढलेल्या अक्षरांनी भरून निघाली. नियतकालिकांची मोठी शीर्षके चित्रकाराकडून काढून घेऊन त्यांचे जस्ताचे ठसे करण्याची पद्धत मुद्रणालयांत रूढ होती. शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडी (जि. सांगली, त्या वेळचे औंध संस्थान) येथून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. ते स्वतः चित्रकार होते. अक्षर, चित्र व मजकूर यांचा एकत्रित विचार करणाऱ्या मराठी नियतकालिकांत त्याची गणना होते. गावोगावचे फलक रंगविणारे पेंटरही पाटीची लांबी मोजून त्या प्रमाणात अक्षरे रुंद वा अरुंद काढीत. त्यांनी काढलेले अरुंद अक्षर हे रुंद अक्षर दाबून केलेले नसे, ते मुळातच वेगळे काढलेले असे.

संगणकीय जुळणी व कृत्रिम आकुंचन : १९८० नंतरच्या काळात अक्षरजुळणी हळूहळू संगणकावर होऊ लागली. संगणकावर कोणतेही अक्षर केवळ एक आकडा बदलून रुंद वा अरुंद करता येते. या सोयीमुळे स्वतंत्र अरुंद वळण शोधण्याऐवजी हाताशी असलेले साधे वळणच आडवे दाबून वापरण्याची प्रथा पडली. छापील फ्लेक्स फलक प्रचारात आल्यावर ती अधिकच वाढली.

या पद्धतीतील दोष साध्या हिशोबाने दाखविता येतो. एखाद्या वळणात उभा दंड १२ एकक व शिरोरेषा १० एकक जाड आहे असे समजू. अक्षराची रुंदी ७५ टक्क्यांवर आणली की उभ्या दंडाची जाडी ९ एकक होते. उंचीत बदल केलेला नसल्याने शिरोरेषा मात्र १० एककच राहते. म्हणजे मुळात दंड शिरोरेषेपेक्षा जाड होता, तो आता तिच्यापेक्षा बारीक झाला. तिरप्या रेषा व वाट्यांचे बाक यांची जाडी त्यांच्या कलाप्रमाणे कमीअधिक घटते. यामुळे एकाच अक्षरात कोठे रोड तर कोठे स्थूल भाग दिसू लागतात, ओळीत शिरोरेषेचा काळा पट्टा उठून दिसतो आणि अक्षराचा खालचा, म्हणजेच त्याची ओळख पटविणारा भाग फिका पडतो. याउलट खऱ्या अरुंद वळणात रेषांची जाडी, वाट्यांचे बाक व आतील पोकळ्या नव्याने ठरविलेल्या असतात.

देवनागरीपुढील विशेष अडचणी : रोमन अक्षरे सुटी असतात. ती अरुंद केल्यामुळे दाट वाटू लागली, तर दोन अक्षरांमधील अंतर थोडे वाढविता येते. देवनागरीत शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात. मधले अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. म्हणून अक्षरांमधील मोकळीक आखणीच्या वेळीच ठरवावी लागते व ती नंतर वापरणाऱ्याला सहसा दुरुस्त करता येत नाही.

‘सातारा’ व ‘सांगली’ ही दोन नावे या अडचणींची चांगली उदाहरणे आहेत. ‘सातारा’ या शब्दात स व त यांचे दोन दंड आणि तीन काने मिळून पाच उभ्या रेषा येतात. दंड नसलेले अक्षर केवळ र एवढेच आहे. अक्षरे आवळताना सर्व उभ्या रेषा सारख्या अंतरावर आल्या, तर शब्दाला कुंपणाच्या दांड्यांसारखे रूप येते आणि कोणता दंड अक्षराचा व कोणता कान्याचा हे नजरेला चटकन कळत नाही. त्यामुळे काना आपल्या अक्षराच्या किंचित जवळ आणि पुढील अक्षर त्याहून थोडे दूर राहील अशी आखणी करावी लागते. डोळ्यांना जाणवण्यापुरताच हा फरक असतो, परंतु वाचनाचा वेग त्यावर अवलंबून असतो.

‘सांगली’ या शब्दात अडचण शिरोरेषेच्या वर आहे. कान्यावरील अनुस्वार आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीचा बाक ही दोन्ही चिन्हे अक्षर अरुंद झाल्यावर परस्परांकडे सरकतात. अनुस्वाराचा टिंब फार लहान केला, तर दुरून तो दिसत नाही व नाव ‘सागली’ असे वाचले जाते. तो मोठा केला, तर शिरोरेषेला चिकटून गाठ पडल्यासारखा दिसतो. ‘कवठे महांकाळ’ या तालुक्याच्या नावातही अनुस्वार असाच जपावा लागतो. ‘शिराळा’ या नावातील ऱ्हस्व वेलांटीने श च्या माथ्यावरून जाऊन त्याच्या दंडापर्यंत पोहोचणे अपेक्षित असते. अक्षरागणिक रुंदी निराळी असल्याने चांगल्या टंकांत या वेलांटीचे एकाहून अधिक आकार असतात व योग्य तो आकार आपोआप निवडला जातो. ‘कृष्णा’ या शब्दात ऋकार खाली उतरतो आणि ष्ण हे जोडाक्षर आडवे पसरते. अशा आडव्या जोडाक्षरांत जागेची बचत सर्वांत कठीण असते. ट्ट, द्ध यांसारखी एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे रुंदी वाचवितात, मात्र त्यांना उंची अधिक लागते व दोन ओळींमधील अंतर वाढवावे लागते.

जाड व अरुंद असे दोन्ही गुण एकत्र आले की अक्षरांच्या आतील पोकळ्या बुजू लागतात. ब च्या पोटातील तिरपी रेषा बुजली की तो व सारखा दिसतो. ध ची माथ्याशी असलेली मोकळी जागा मिटली की घ चा भास होतो. भ व म यांच्या बाबतीतही हेच घडते. वाई तालुक्यातील ‘बावधन’ या गावाच्या नावात ब, व आणि ध ही तिन्ही अक्षरे एकत्र येतात. त्यामुळे जाड अरुंद टंकाची पारख करण्यास हा शब्द विशेष उपयुक्त आहे.

मराठी ल व श : मराठीत परंपरेने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श लिहिले जातात. हिंदीत दंडयुक्त ल व वेगळ्या माथ्याचा श प्रचलित आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये व सुधारित स्वरूपात २०२२ मध्ये काढलेल्या वर्णमालाविषयक निर्णयांत मराठी वळणाची ही अक्षरे स्वीकारलेली आहेत. अरुंद टंकांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ परंपरेचा राहत नाही. पाकळीयुक्त ल ला मध्यावर आखूड देठ व दोन्ही बाजूंना पाकळ्या असतात आणि या पाकळ्यांना रुंदी लागते. दंडयुक्त ल अरुंद करणे तुलनेने सोपे असते. त्यामुळे आखणी करणाऱ्याचा कल सहजच दंडयुक्त रूपाकडे होतो. परंतु ‘सांगली’, ‘पलूस’, ‘फलटण’ यांसारख्या शब्दांत दंड नसलेला मराठी ल उभ्या रेषांच्या रांगेत विसावा देतो. म्हणजे जागेच्या दृष्टीने जो खर्चिक वाटतो, तोच ल वाचनीयतेच्या दृष्टीने लाभदायक ठरतो. काही टंकांत दोन्ही रूपे अंतर्भूत असून मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविल्यास मराठी रूपे येतात. मात्र ही सोय सर्व टंकांत नसते आणि असली तरी सर्व आज्ञावली तिचा उपयोग करून घेत नाहीत.

मुक्त परवाना : पूर्वी श्रीलिपी, आयएसएम इ. जुळणी-प्रणालींच्या टंकांत प्रत्येकाची संकेतपद्धती वेगळी असे. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या टंकात अर्थहीन दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक मुद्राक्षरतज्ज्ञ व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखला होता. त्यांचाच ‘रघु’ हा टंक मुक्त परवान्याखाली वितरित झाला. युनिकोडमुळे मजकूर व अक्षरवळण यांची फारकत झाली आणि एकदा लिहिलेला मजकूर कोणत्याही वळणात पाहता येऊ लागला.

मुक्त टंकांसाठी सर्वाधिक प्रचलित असलेला ओपन फाँट परवाना एसआयएल या संस्थेने तयार केला असून त्याची १.१ ही आवृत्ती २००७ मधील आहे. त्यानुसार टंक व्यापारी वा बिगरव्यापारी कामासाठी वापरता येतो, त्याच्या प्रती देता येतात व त्यात बदल करता येतो. टंक एकटा विकता येत नाही, अन्य आज्ञावलीबरोबर मात्र देता येतो. बदललेला टंक याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव त्याला देता येत नाही. अशा टंकात छापलेल्या पुस्तकावर वा फलकावर परवान्याचे कोणतेही बंधन येत नाही. ‘विनामूल्य’ व ‘मुक्त’ यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पैसे न देता मिळविलेली प्रत्येक प्रत मुक्त नसते, तर बदल व वितरण करण्याचा कायदेशीर हक्क हे मुक्ततेचे खरे लक्षण होय. एखाद्या मुक्त टंकात मराठी ल नसल्यास जाणकार व्यक्ती तो काढून त्यात घालू शकते आणि सुधारलेला टंक सर्वांना देऊ शकते. बंदिस्त टंकाच्या बाबतीत मूळ उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राहावे लागते.

प्रमुख मुक्त अरुंद टंक : अहमदाबाद येथील इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ व ‘टेको’ हे टंक २०१४ मध्ये गूगलच्या टंकसंग्रहाद्वारे उपलब्ध झाले. ‘खंड’ हा समरेख असून त्याच्या अक्षरांतील पोकळ्या मोकळ्या ठेवलेल्या आहेत. ‘टेको’ची वळणे चौकोनाकडे झुकतात. दोन्हींत जाडीचे पाच प्रकार असून ते मथळे व फलक यांसाठी आहेत. ‘प्रगती नॅरो’ हा अर्जेंटिनातील ऑम्निबस टाइप या गटाचा टंक असून त्यातील रोमन अक्षरे त्यांच्याच ‘आर्किव्हो नॅरो’ या टंकातील आहेत. भारतीय लिपीचे वळण इतक्या दूरच्या देशात आखले जावे व ते कोणालाही विनामूल्य मिळावे, हा मुक्त पद्धतीचाच परिणाम होय.

रुंदी व जाडी यांच्या आकड्यांनी ओळखले जाणारे चल टंक ही यापुढील पायरी होय. चल टंकांचे तंत्र २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी संयुक्तपणे जाहीर केले. यात टोकाची रूपे आखणीकार स्वतः काढतो आणि मधली सर्व रूपे संगणक गणिताने मिळवितो. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘अनेक’ हा टंकसंच २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोमन धरून दहा लिप्या आहेत. नेहमीची रुंदी १०० धरल्यास त्यातील अक्षरे ७५ पासून १२५ पर्यंत आणि जाडी १०० पासून ८०० पर्यंत बदलता येते. येथे रुंदी ७५ वर आणली, तरी दंड रोडावत नाहीत, कारण ७५ चे रूप स्वतंत्रपणे काढलेले असते. पाटीच्या लांबीप्रमाणे अक्षर आखणाऱ्या पेंटरची लवचिकता अशा प्रकारे टंकात आली आहे.

उपयोग व मर्यादा : सातारा-सांगली भागात अरुंद अक्षरांची गरज विशेषतः लांब नावांमुळे भासते. ‘यशवंतराव मोहिते कृष्णा सहकारी साखर कारखाना’ किंवा ‘हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना’ यांसारखी नावे कमानीवर वा वाहनाच्या दारावर एका ओळीत बसवावी लागतात. यात्रा, कुस्त्यांची मैदाने व नाट्यप्रयोग यांच्या पत्रकांतही थोड्या जागेत अनेक नावे द्यावी लागतात. एस. टी. च्या पाट्यांवर गावाचे नाव धावत्या गाडीवरून वाचता यावे लागते. ज्या मथळ्यास नेहमीच्या रुंदीत ४० सेंमी. जागा लागते, तो ७५ टक्के रुंदीच्या वळणात ३० सेंमी.मध्ये बसतो. उंची तीच राहिल्याने तो तितक्याच अंतरावरून दिसतो, मात्र दिसणे व वाचता येणे यांत फरक आहे. पोकळ्या व अनुस्वार टिकले तरच तो तितक्या अंतरावरून वाचताही येतो.

टंक निवडताना तो प्रत्यक्ष वापरावयाच्या आकारात व जाडीत, स्थानिक नावांवर तपासून पाहणे इष्ट असते. उभ्या रेषांच्या अंतरासाठी ‘सातारा’, अनुस्वार व मराठी ल साठी ‘सांगली’, पोकळ्यांसाठी ‘बावधन’, वेलांटी व श साठी ‘शिराळा’ आणि जोडाक्षरांसाठी ‘कृष्णा’ अशी शब्दमाला त्यासाठी पुरेशी ठरते. जुन्या पृष्ठरचना-आज्ञावलींत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे तुटतात, त्यामुळे वापरावयाची आज्ञावलीही तपासावी लागते. सलग वाचनाच्या मजकुरास अरुंद अक्षरे योग्य नाहीत. त्यांत ओळ दाट होते व डोळे लवकर थकतात. लहान आकारात आणि हलक्या कागदावर शाई पसरल्यास पोकळ्या अधिकच बुजतात.

अरुंद वळणाची कसोटी त्याने किती जागा वाचविली यावर नसून वाचविलेल्या जागेत नाव अचूक वाचता येते किंवा नाही यावर आहे. धातूच्या काळात असे वळण घडविण्याचा खर्च मोठा होता. त्यानंतर ते कृत्रिमरीत्या दाबून मिळू लागले, पण त्यात अक्षराचे रूप बिघडले. मुक्त टंकांमुळे मोठ्या शहरातील वृत्तपत्राला उपलब्ध असलेले अक्षर तालुक्याच्या गावातील लहान मुद्रकालाही त्याच गुणवत्तेचे मिळू शकते. ते मराठी वळणाचे राहावे यासाठी मात्र मराठी जाणकारांनी त्याच्या सुधारणेत भाग घेणे आवश्यक आहे आणि मुक्त परवान्याने तशी वाट मोकळी ठेवली आहे.